घोडा आणि त्याची पागा

घोडा पाळावा कीं न पाळावा, हा प्रश्न आज बहुतेक सुशिक्षित कुटुंबांपुढें येत नाहीं. परंतु घोडा पाळण्याची जागा विकत घ्यावी कीं काय, हा प्रश्न धनिकांपुढें अलीकडे पुन्हां येऊं लागला आहे. तबेला, रपेटीची वाट, हिरवळीचें मैदान आणि मध्यभागीं टुमदार बंगला, अशा थाटाच्या जमिनी पुण्यामुंबईच्या आसपास विक्रीस असल्याच्या जाहिराती वेळोवेळीं प्रसिद्ध होतात. त्या वाचणाऱ्यास असें वाटतें कीं, पैसा असला म्हणजे घोडाही मिळतो व त्याचें घरही मिळतें. यांतील पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीविषयीं महाराष्ट्राच्या इतिहासाचें म्हणणें निराळें आहे. कारण एके काळीं हा प्रश्न हौसेचा नव्हता, तर राज्य टिकतें कीं बुडतें याचा होता. तो इतिहास कोंकणच्या किनाऱ्यावरून, विशेषतः राजापूरसारख्या बंदराच्या धक्क्यावरून पाहिला असतां फार स्पष्ट दिसतो.

राजापूर हें रत्नागिरी जिल्ह्यांतील जुनें बंदर. अर्जुना नदीच्या खाडीच्या माथ्याशीं, डोंगरांच्या कुशींत तें वसलें आहे. खाडीच्या मुखाकडे जैतापूर, आणि पाठीशीं सह्याद्रींतील अणस्कुरा घाट. तो घाट चढून गेलें म्हणजे मलकापूर व कोल्हापूरचा मुलूख लागतो, आणि तेथून वाट विजापूरकडे जाते. समुद्र आणि देश यांना जोडणाऱ्या या मोक्याच्या स्थानामुळें सतराव्या शतकांत राजापूर हें आदिलशाहीचें एक मातबर बंदर झालें. इंग्रजांनीं तेथें वखार घातली. तिची भक्कम दगडी इमारत पुढें सरकारी कचेरी म्हणून वापरली गेली. अरबस्तानाशीं असलेला या गांवाचा संबंध तर फारच चिवट ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरांत, अरबी गलबतें ज्याच्याशीं अजून थेट व्यापार करितात असें रत्नागिरी जिल्ह्यांतील एकमेव बंदर म्हणून राजापूरचा उल्लेख आढळतो. मात्र तोंवर मोठीं गलबतें जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आंत येऊं शकत नव्हतीं.

चौल, दाभोळ, गोवें इत्यादि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत अरबस्तान आणि इराण येथून जो माल शतकानुशतकें उतरत आला, त्यांत सर्वांत मोलाचा माल म्हणजे घोडा. दक्षिणेंतील राज्यांस तो विकत घ्यावा लागे, कारण येथील हवा व चारा मोठ्या घोड्याच्या पैदाशीस फारसे अनुकूल नाहींत. कोंकणांत तर ही अडचण कमालीची. चार महिने संततधार पाऊस, त्यानंतर आठ महिने तापणारा जांभ्या दगडाचा सडा, अशी ही भूमि. पावसाळ्यांत गवत उदंड वाढतें, पण तें पाणचट असतें. पुढें तें सुकून काडी होतें. सततच्या ओलीनें घोड्याचे खूर कुजतात आणि पाठीवर चट्टे उठतात. म्हणून कोंकणांत भातशेतीला रेडा, घाटावरून मालाची ने-आण करण्यास लमाणाचा बैल, असाच व्यवहार पूर्वापार चालत आला. घोडा धक्क्यावर उतरे तो घाट चढून देशावर जाण्यासाठींच.

या व्यापाराचें वर्णन अनेक परदेशी प्रवाशांनीं केलेलें आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशानें तामिळ किनाऱ्यावरील राजांविषयीं लिहिलें आहे कीं, एक एक राजा दर वर्षीं दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेतो, आणि वर्ष संपतांना त्यांतले शंभरही जिवंत राहत नाहींत. त्याचें कारणही तो देतो. त्या प्रांतीं घोड्यांचे जाणते वैद्य व नालबंद नव्हते. आणि घोडे आणणारे व्यापारी अशा कारागिरांस मुद्दाम तिकडे येऊं देत नसत. घोडे मेले म्हणजे पुढच्या वर्षीं नवे खपत, एवढा साधा हिशेब त्यामागें होता. प्रवाशाच्या सांगण्यांत थोडी अतिशयोक्ति असेलही. परंतु विकणाऱ्याचा स्वार्थ त्यानें नेमका ओळखला आहे. ज्या देशांत घोडा येतो पण घोड्याची विद्या येत नाहीं, तो देश कायमचें गिऱ्हाईक होऊन बसतो. याच प्रवाशानें ठाण्याच्या राजाविषयींही एक मासलेवाईक हकीकत दिली आहे. तो राजा समुद्रावरील चांच्यांशीं करार करून बसला होता. लुटीपैकीं घोडे राजाला आणि बाकीचा माल चांच्यांना, अशी त्यांची वांटणी ठरलेली असे.

त्यानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन होर्मुझहून चौलास उतरला. बहामनी राज्यांत घोड्याला चांगली किंमत येते असें ऐकून त्यानें आपलें भांडवल त्या एका जनावरांत गुंतविलें होतें. चौलाहून तो जुन्नरास पोहोंचला तों पावसाळा लागला. जुन्नरचा अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडा परत देईन, वर एक हजार मोहरा देईन, असें बजावलें. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनें बिचाऱ्याची सुटका झाली व घोडाही परत मिळाला. पुढें बीदर येथें त्यानें तो विकला. परंतु तोंपर्यंत वर्षभर त्याला पोसण्याचा खर्च सोसावा लागल्याची नोंद त्यानें केली आहे. परत जातांना तो दाभोळास गलबतावर चढला, आणि त्या बंदरांत मिसर, अरबस्तान, खुरासान अशा देशांतून घोडे येतात, असें त्यानें लिहून ठेविलें. घोडा ही केवढी मोठी मत्ता होती, आणि ती ज्याच्या हातीं असे त्याला ती केवढें संकट वाटूं शकत असे, हें या एका हकीकतीवरून दिसून येतें.

सन १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि १५१५ मध्यें होर्मुझवर आपला अंमल बसविला. घोड्याच्या व्यापाराचें मूळ आणि मुख अशा रीतीनें एकाच सत्तेच्या मुठींत आलें. घोड्यांवरील जकात हें गोव्याच्या खजिन्याचें मोठें साधन झालें. घोडे कोणाला विकावयाचे हें ठरविणें म्हणजे दक्षिणेंत कोणतें राज्य बळावणार हें ठरविणेंच होतें, आणि पोर्तुगीजांनीं ही किल्ली पुरेपूर फिरविली. १५४७ साली त्यांनीं विजयनगरशीं तह केला. गोव्यास उतरणारे घोडे विजयनगरनें घ्यावे आणि आदिलशहाला ते मिळूं नयेत, असें त्यांत ठरलें. पुढें १५६५ मध्यें तालिकोटच्या रणांत विजयनगरची धूळधाण झाली, आणि गोव्याचा हा भरभराटीचा व्यापारही त्याबरोबर ओसरला. घेणाऱ्यानें आपली सर्व भिस्त विकत घेतलेल्या घोड्यावर ठेवली. विकणाऱ्यानें आपली सर्व भिस्त एका गिऱ्हाइकावर ठेवली. आणि शेवटीं दोघांचेंही नुकसान झालें.

सतराव्या शतकांत शिवाजी महाराजांनीं राज्यस्थापनेस आरंभ केला तेव्हां त्यांच्यापुढें हीच अडचण उभी होती. समुद्रावर परकीयांचा जोर, मोठीं बंदरें आदिलशाहीच्या ताब्यांत, आणि मुलूख तर डोंगराळ. घोडदळावांचून विजापूर व मोंगल यांच्याशीं गांठ घालणें अशक्य होतें. घोडे मिळविण्याचा एक मार्ग लढाईचा. १६५९ मध्यें अफझलखानाचा पाडाव झाला, त्या वेळीं सुमारें चार हजार घोडे हातीं लागले, असें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. १६६१ च्या आरंभीं महाराजांची फौज राजापुरावर आली. आदल्या वर्षीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनीं आपलें निशाण लावून विजापूरच्या बाजूनें गडावर तोफगोळे डागले होते. त्याचें प्रायश्चित्त म्हणून वखार लुटली गेली, आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती सुमारें दोन वर्षें कैदेंत पडले.

परंतु लुटून किंवा जिंकून आणलेला घोडा हा काय, आणि विकत घेतलेला घोडा हा काय, दोन्ही सारखेच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला चंदी, पाणी व वैरण लागतेच. महाराजांचें वेगळेपण त्यांनीं किती घोडे मिळविले यापेक्षां मिळालेल्या घोड्यांची व्यवस्था कशी लाविली, यांत अधिक दिसतें. सभासदानें दिलेली पागेची रचना या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पांच हवालदारांचा एक जुमला. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि सर्वांवर सरनोबत. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमून दिलेला असे. मार्को पोलोनें ज्या उणिवेवर बोट ठेविलें होतें, ती येथें कायद्यानें भरून काढलेली दिसते. पाणी आणि नाल या दोन साध्या गोष्टी. पण त्यांच्या अभावीं दक्षिणेंत किती राजांची संपत्ति मातीला मिळाली असेल!

याच रचनेंत बारगीर आणि शिलेदार हा भेद होता. शिलेदार आपला स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचें घरदारच. तो मेला तर मालकाची चाकरी गेली. म्हणून ऐन लढाईंत तो जनावराला जपणार हें उघड आहे. बारगिराला ही धास्ती नसे. यास्तव महाराजांनीं पागेला प्राधान्य दिलें आणि शिलेदारांस पागेच्या हुकमतीखालीं ठेविलें. घोडा कोणाच्या मालकीचा, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरानें फौजेची वर्तणूक कशी पालटते, याचा हा उत्तम दाखला होय.

परंतु पागेची खरी कसोटी रणांगणावर नव्हती, ती पावसाळी छावणींत होती. दसऱ्याला फौज मुलूखगिरीस निघे आणि पावसाच्या तोंडावर परत येई. ते चार महिने हजारों घोड्यांना एका जागीं पोसावें लागे. राज्याभिषेकाच्या थोडें आधीं फौजेची अशी एक छावणी चिपळूणच्या परिसरांत पडली असतां महाराजांनीं तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस पाठविलेलें एक पत्र उपलब्ध आहे. तें मोठ्या लढाईविषयीं नाहीं, दाणा आणि गवत यांविषयीं आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यापुरता दाणा व वैरण मोठ्या कष्टानें जमविली आहे. आतांच तुम्ही हात सैल सोडून खर्च केला, तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडे उपाशीं मरतील, आणि ते तुम्हींच मारल्यासारखें होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूडफांटा, कोणी भाजी. गरीब माणसें गांव सोडून जातील, आणि त्यांना वाटेल कीं तुमच्यापेक्षां मोंगल बरे. पुढें आगीविषयीं ताकीद आहे. कोणी चुलाणें पेटवील, कोणी चिलीम ओढील. रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेट घेईल. मग दाणावैरणही नाहीं आणि घोडेही नाहींत.

राज्याभिषेकाच्या गडबडींत असलेल्या राजानें उंदराच्या तोंडांतील वातीचाही विचार करावा, यांत आश्चर्य वाटण्यासारखें बरेंच आहे. परंतु पत्राचें खरें मर्म याहून खोल आहे. घोड्याच्या भुकेचा हिशेब जर पागेंत चुकला, तर तो शेवटीं कुणब्याच्या कणगींतून वसूल होतो, हें त्यांत स्वच्छ सांगितलें आहे. कोंकणांतील कुणबी वरकस जमिनींत नाचणी-वरी पिकवून पोट भरणारा. त्याच्या गवताच्या भाऱ्यावर हजारों घोडे लोटले तर त्याचें काय उरणार? घोडा हें वैभवाचें लक्षण खरें. पण त्या वैभवाचा खर्च कोण देतो, हा प्रश्न विचारणारा राजा विरळा.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर हजर होता. त्याच्या येण्याचें एक कारण म्हणजे राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई. तेरा वर्षांपूर्वीं राजापुरांत घडलेल्या गोष्टीचा तंटा अशा रीतीनें राजसभेपर्यंत पोहोंचला होता. ऑक्झेंडननें आपल्या रोजनिशींत जें पाहिलें तें टिपून ठेविलें आहे. सिंहासनाच्या बाजूस सोन्याच्या भाल्यांवर माशांचीं मुखें, समतोल तराजू आणि घोड्यांचीं शेपटें लाविलेलीं होतीं. वाड्याच्या दरवाजाशीं दोन लहान हत्ती आणि उंची साजानें शृंगारलेले दोन देखणे घोडे उभे होते. एवढ्या अवघड वाटेनें हीं जनावरें गडावर आणलीं तरी कशीं, याचें त्या इंग्रजास मोठें नवल वाटलें. तो व्यापारी असल्यानें त्याला वाट दिसली. ते घोडे ज्या व्यवस्थेच्या जोरावर तेथें उभे होते, ती छावणीपत्रांतील दाणा-गवताची व्यवस्था त्याला दिसण्याजोगी नव्हती.

अठराव्या शतकांत मराठ्यांचें घोडदळ सर्व हिंदुस्थानभर फिरूं लागलें. त्याला पाठबळ होतें तें भीमा व नीरा या नद्यांच्या कांठच्या कोरड्या मुलखाचें. अरबी व इराणी घोडा आणि देशी तट्टू यांच्या संकरांतून तेथें भीमथडीची जात तयार झाली. बांधा लहान, अंग काटक, खूर टणक, आणि कडबा व मूठभर हरभऱ्यावर मजल मारण्याची तयारी, हे तिचे गुण. समुद्रापलीकडून येणाऱ्या महागड्या जनावराला महाराष्ट्रानें दिलेलें हें उत्तर होतें. सरदारांस सरंजाम म्हणून जे महाल मिळत, तेही ठराविक घोडे बाळगण्याच्या बोलीवर. म्हणजे जमीन आणि घोडा यांची गांठ राज्यानेंच बांधून दिलेली होती. ही गांठ सुटली म्हणजे काय होतें हें पानिपतानें दाखविलें. जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांच्या कोंडलेल्या छावणींत दाणावैरण संपली होती. उपासानें घोडे मेले, आणि जे उरले त्यांच्या अंगांत त्राण नव्हतें. पराभवाचीं कारणें अनेक आहेत. परंतु पागा मुलखापासून तुटली, हें त्यांतील लहान कारण नव्हे.

१८१८ मध्यें पेशवाई गेली. राजापूर १७१३ मध्यें आंग्र्यांकडे आणि १७५६ मध्यें पेशव्यांकडे गेलें होतें; तेंही आतां इंग्रजांच्या अमलाखालीं आलें. शिलेदाराला काम उरलें नाहीं. पागे, पागनीस हीं आडनांवें राहिलीं आणि पागा मोडल्या. घोडा रणांतून निघाला तो शर्यतीच्या मैदानांत गेला. मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान १८८३ मध्यें सुरू झालें. पुण्याजवळ सोली पूनावाला यांनीं १९४६ मध्यें शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचें केंद्र काढलें. त्या घराण्याची पुढील हकीकत मोठी बोधप्रद आहे. शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे रक्तजल तयार करण्यासाठीं हाफकिन संस्थेकडे जात. त्यावरून सुचून १९६६ मध्यें सायरस पूनावाला यांनीं सीरम इन्स्टिट्यूट काढली. पागेंतून औषधाचा कारखाना निघाला तो पागेची विद्या घरांत होती म्हणून.

सर्वसामान्य लोकांचा घोडाही अगदींच नाहींसा झालेला नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या सुमारास, आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांव येथें खंडोबाच्या यात्रेंत, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. भीमथडी घोड्यालाही २०२४ च्या सुमारास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. धनगर समाजाच्या भटक्या कुटुंबांनीं लोकरीच्या गांठोड्यांखालीं आणि बिऱ्हाडाच्या ओझ्याखालीं तो जगविला. कोणत्याही आलिशान तबेल्यानें नव्हे.

आतां आजच्या जाहिरातींकडे पुन्हां पाहिलें असतां कांहीं गोष्टी उघड होतात. पहिली कायद्याची. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा रत्नागिरीसह पश्चिम महाराष्ट्रांत लागू आहे, आणि त्याअन्वयें जो शेतकरी नाहीं त्यास सरकारी परवानगीखेरीज शेतजमीन खरेदी करितां येत नाहीं. तबेल्याचें सुंदर चित्र पाहून इसार देण्यापूर्वीं सातबाराचा उतारा पाहणें शहाणपणाचें. दुसरी गोष्ट पाण्यापावसाची. कोंकणांतील सड्यावर हिंवाळ्यांत जागा पाहून मोहून जाणें सोपें आहे. तीच जागा आषाढांत पाहावी. पागेची जमीन उंच, निचऱ्याची आणि कोरडी आहे काय, सुकी वैरण साठविण्यास कोठार आहे काय, आणि उन्हाळ्यांत विहिरीला पाणी राहतें काय, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. तिसरी गोष्ट माणसांची. खरारा करणारा मोतद्दार, नालबंद आणि घोड्याची नाडी ओळखणारा वैद्य हे आसपास नसतील, तर सर्व घोडें तेथेंच पेंड खातें. आणि चौथी गोष्ट शेजाऱ्यांची. कुंपण घातलेल्या जमिनींतून गांवाची गुरें पाण्यावर जाण्याची वाट पूर्वीं जात होती काय, हें जाहिरातींत छापलेलें नसतें; तें गांवांत जाऊन विचारावें लागतें.

राजापूरच्या वखारींत कापूस, मिरीं, कापड यांचे भाव लिहिले जात. अशा भावांच्या याद्यांत घोड्याची किंमत मांडतां येते. पावसाळ्यापुरतें गवत पुरवून खाण्याचें शहाणपण त्यांत मांडतां येत नाहीं. तें चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या त्या जुन्या पत्रांत मात्र आहे. घोड्याची हौस करणाऱ्या आजच्या गृहस्थानें जमिनीचा कागद करण्यापूर्वीं तें पत्र एकवार वाचावें. पागेच्या मालकाला जें जाणून घ्यावयाचें, त्यांतील पुष्कळसें त्यांत सांपडेल. आणि कुंपणापलीकडच्या कुणब्याची आठवणही त्यांत राहिलेली आहे.